हाताने काढलेलं थ्रीडी चित्र : पांढऱ्या कागदावर जमलं, काळ्यावर सगळं उलटं का दिसतंय?

पिंपळपान :
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलंय म्हणून धागा काढतेय. माझ्या आजोळचा वाडा चार वर्षांपूर्वी पाडला. घरात कोणाकडेच धड फोटो नाहीत, जे दोन आहेत त्यात मावशीच्या लग्नातली माणसंच माणसं आणि मागे एक खांब. म्हणून मी तो आठवणीतून काढायला घेतला. दिंडी दरवाजा, चौक, मधे तुळशीवृंदावन, पलीकडे ओसरीचे खांब, झोपाळा आणि अगदी आत माजघराचं काळोखं दार. साधं चित्र काढून झालं पण आत गेल्यासारखं वाटेना. मग तो लाल-निळ्या काचांचा पुठ्ठ्याचा चष्मा असतो ना, डाव्या डोळ्याला लाल आणि उजव्याला आकाशी, तो घालून बघायचं चित्र हाताने काढायचं असं डोक्यात घेतलं. प्रत्येक रेघ दोनदा काढायची, एकदा तांबड्या पेन्सिलीने, एकदा आकाशी पेन्सिलीने, थोडी सरकवून.

पांढऱ्या कागदावर चुकत माकत नियम सापडला. आकाशी रेघ उजवीकडे आणि तांबडी डावीकडे ठेवली की ती वस्तू कागदाच्या पुढे येते, उलट केलं की कागदाच्या आत जाते. वृंदावन चक्क कागदावरून वर उठलं, मी हात लावून बघितला!

आता मला तोच चौक रात्रीचा हवाय, तुळशीपाशी दिवा आणि बाकी सगळा अंधार. म्हणून काळा कार्डपेपर घेतला, त्याच पेन्सिली, तोच नियम. तर वृंदावन खड्ड्यात आणि माजघराचं दार नाकासमोर. तीनदा काढून बघितलं, तीनदा तेच. कोणी असं काही केलंय का? कुठे चुकतंय?

देवगडहापूस :
धागा भारी आहे. उत्तर माहीत नाही पण चित्रं टाकाच. चष्मा पोराच्या कप्प्यात आहे, शोधून ठेवतो.

रंगावली :
काळ्यावर लाल आणि निळा म्हटल्यावर मला माझी रांगोळी आठवली. आम्ही अंगण काळं करून त्यावर काढतो, तेव्हा तांबडा रंग वर उचलल्यासारखा दिसतो आणि निळा आत गेल्यासारखा, चष्मा बिष्मा काही नाही. तुझ्याही चित्रात तेच होत असेल का?

नदीकाठ :
रंगावलीताई, आमच्याकडे उलट भांडण असतं, मला लाल पुढे दिसतो आणि नवऱ्याला निळा पुढे दिसतो, एकाच रांगोळीत! दर दिवाळीला हा वाद होतो.

गणितमास्तर :
पिंपळपान, आधी एक प्रयोग कर. काळ्या कागदावरचं चित्र समोर ठेव आणि चष्मा फिरवून घाल, म्हणजे लाल काच उजव्या डोळ्यावर येईल. वृंदावन पुढे आलं की इथे सांग, मग कारण लिहितो.

पिंपळपान :
मास्तर!! आलं! सगळं जागच्या जागी गेलं. पण का?

गणितमास्तर :
कारण पांढऱ्या कागदावर रेघ दिसते ती गडद म्हणून आणि काळ्यावर दिसते ती उजळ म्हणून. लाल काचेतून पांढरा कागद लालच दिसतो, त्यावरची तांबडी रेघ त्यात मिसळून नाहीशी होते आणि आकाशी रेघ काळपट उठून दिसते. म्हणजे पांढऱ्यावर डाव्या डोळ्याची रेघ कुठली, तर आकाशी. आता काळा कागद घे. तिथे लाल काचेतून आकाशी रेघेचा उजेड येतच नाही, ती काळ्यात बुडते, आणि तांबडी चमकते. म्हणजे डाव्या डोळ्याची रेघ आता तांबडी झाली. तू रेघा होत्या तिथेच ठेवल्यास पण डोळ्यांची वाटणी बदलली.

मूळ नियम रंगाचा नाहीच, डोळ्यांचा आहे. डाव्या डोळ्याला दिसणारी रेघ उजवीकडे असेल तर दोन नजरा कागदाच्या अलीकडे एकमेकींना छेदतात आणि मेंदू वस्तू तिथे ठेवतो. डावीची रेघ डावीकडे असेल तर त्या कागदाच्या पलीकडे जाऊन मिळतात. एवढं पाठ ठेव, मग कागद कुठलाही असो.

आणि रंगावलींचं जे आहे ती वेगळी गोष्ट आहे. डोळ्यातलं भिंग लाल आणि निळा उजेड सारखा वाकवत नाही, त्यामुळे दोन्ही डोळ्यांत दोन रंग किंचित वेगवेगळ्या जागी पडतात आणि खोली दिसते. बहुतेकांना लाल पुढे दिसतो, काहींना निळा, त्यामुळे नदीकाठच्या घरात दोघंही बरोबर आहेत. एक डोळा झाकलात की ते जवळपास जातं.

नदीकाठ :
ही दिवाळी शांततेत जाणार.

काळाचष्मा :
मास्तरांनी नेमकं सांगितलं. अजून एक गंमत, पांढऱ्यावरचं चित्र स्कॅन करून कॉम्प्युटरवर रंग पूर्ण उलटे केले, म्हणजे निगेटिव्ह केलं, तर मात्र खोली तीच राहते. पांढरा काळा होतो, पण आकाशी रेघही तांबडी होते, दोन्ही पलटल्या म्हणजे वाटणी तीच. मी डिजिटलवर बऱ्याचदा असं करतो. पिंपळपान, तुमचं दिवसाचं चित्र असंच फिरवून रात्र करून बघा, परत काढायची गरज नाही.

पिंपळपान :
कल्पना छान आहे पण मला कागदावरच हवंय, आईला हातात द्यायचंय. परत काढेन.

टोरांटोकर :
"परत काढेन" वाचून छान वाटलं. या सगळ्याची सुरुवातच हाताने काढलेल्या रेघांनी झालीय हे लोकांना माहीत नसतं. चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे स्टिरिओस्कोपवरचा निबंध मांडला तेव्हा फोटोग्राफी लोकांसमोर यायला एक वर्ष बाकी होतं. त्याने वापरली ती रेघांची जोडचित्रं, ठोकळे, शंकू अशा आकृत्या, एक डाव्या डोळ्याची आणि एक उजव्याची. दोन आरसे नाकासमोर काटकोनात आणि चित्रं दोन्ही बाजूंना. नुसत्या रेघा घेतल्या त्याचा फायदा असा की छाया नाही, रंग नाही, तरी खोली दिसते म्हटल्यावर ती फक्त दोन डोळ्यांच्या फरकातूनच आलीय हे सिद्ध होतं. पुढे फोटो आले आणि स्टिरिओ म्हणजे फोटोच असं होऊन बसलं.

मी राहतो त्या देशात नॉर्मन मॅकलॅरेन नावाचा अ‍ॅनिमेशनवाला होऊन गेला, त्याने १९५१ च्या ब्रिटनमधल्या महोत्सवासाठी स्टिरिओ अ‍ॅनिमेशन केलं होतं. कॅमेऱ्यासमोर खरी वस्तू नाही आणि तरी खोली. तुमचा वाडा त्याच रांगेतला आहे, जो उभाच नाही त्याच्यासमोर दोन कॅमेरे कुठून लावणार, तो काढावाच लागतो.

पिंपळपान :
टोरांटोकर, तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

बोरूबहाद्दर :
मला वेगळा मुद्दा मांडायचाय आणि तो थोडा विरोधी आहे. चष्मा घालून बघायचं चित्र हे चित्र म्हणून कमी पडतं असं मला मनापासून वाटतं. चित्रकाराने खोली दाखवायची ती रेषेच्या जाडीने, रंगाच्या थंड-उबदारपणाने, लांबचं फिकट करून. अजिंठ्याच्या पद्मपाणीकडे बघा, नाकाच्या दांड्यावर उजळ रंग ठेवलाय आणि चेहरा गोलाई घेतो, शेकडो वर्षांपूर्वीचं काम, कोणाला चष्मा वाटावा लागला नाही. दोन रंगांच्या रेघांत अडकलात की रंग हे साधनच हातातून जातं. मी पंचवीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, मुलांनी युक्ती शिकण्याआधी बघायला शिकावं असं माझं मत आहे.

काळाचष्मा :
सर, रंग जातो हे मान्य. पण युक्ती नाही पटत. हे चित्र काढताना प्रत्येक वस्तू किती लांब आहे हे ठरवावंच लागतं, "साधारण मागे" असं चालत नाही. मी याच्याइतकं बारकाईने आधी कधीच बघितलं नव्हतं. आणि रंग हवाच असेल तर जोडचित्रं आहेत की, डाव्याचं वेगळं उजव्याचं वेगळं. साल्वादोर दालीने १९७० च्या दशकात अशी तैलचित्रांची जोडी रंगवली, पूर्ण रंगात. स्पेनमध्ये फिगेरसच्या त्याच्या संग्रहालयात मी एक जोडी आरशांतून बघितलीय, थोडा वेळ लागला जुळायला पण जुळल्यावर तिथून हलवेना.

बोरूबहाद्दर :
दालीचं माहीत नव्हतं. बघतो. "साधारण मागे चालत नाही" हा मुद्दा मात्र पटला.

ठाणेमंडळ :
माझा अनुभव सांगतो, त्यातून कोणी शहाणं होईल. आमच्या मंडळासाठी मी ए-फोर कागदावर असंच लाल-निळं गुहेचं चित्र काढलं होतं, गुहेत खोल आत बाप्पा. कागदावर सुरेख दिसायचं. मग त्याचा सहा फूट रुंद फ्लेक्स छापला आणि दोनशे चष्मे आणले. लोक बघायचे आणि डोळे चोळायचे, कोणाला दोन बाप्पा, कोणाचं डोकं दुखलं. छपाईवाल्याला मी खूप बोललो आणि नंतर कळलं त्याची काही चूक नव्हती. पण नेमकं काय झालं ते मला अजून समजलेलं नाही.

गणितमास्तर :
हे सगळ्यांनी वाचा. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांत साधारण ६३ मिमी अंतर असतं. कागदाच्या मागे न्यायचं तर रेघांमधलं अंतर वाढवत जायचं, पण ते ६३ झालं की दोन्ही नजरा समांतर, म्हणजे वस्तू क्षितिजावर. त्याच्यापुढे डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावं लागतं आणि ते आपल्याला सवयीचं नाही. ए-फोरची रुंदी २१० मिमी, सहा फूट म्हणजे १८३० मिमी, म्हणजे पावणेनऊ पट. कागदावर मागच्या भिंतीसाठी १२ मिमी सरकवलं असेल तर फ्लेक्सवर ते १०५ झालं. बाप्पा क्षितिजाच्याही पलीकडे गेले. मोठं छापायचं असेल तर सरकवणं मोठ्या मापावर नव्याने ठरवायचं.

ठाणेमंडळ :
चार वर्षांनी उलगडा झाला, आभार मास्तर. मी १२-१३ च सरकवलं होतं.

देवगडहापूस :
क्षितिजापलीकडचे बाप्पा, ती तर त्यांची खरी जागा :)

पिंपळपान :
मास्तर, मग किती सरकवायचं याचा हिशोब आहे का? मी डोळ्याच्या अंदाजाने करतेय.

गणितमास्तर :
आहे, सोपा आहे. कागद डोळ्यापासून ४० सेंमीवर धर. पुढे आणायचं तर : ६३ गुणिले जितकं पुढे हवं ते, भागिले चाळीसमधून ते वजा करून. ५ सेंमी पुढे हवं तर ६३ × ५ ÷ ३५, म्हणजे ९ मिमी. मागे न्यायला खाली वजाऐवजी अधिक. १० सेंमी मागे म्हणजे ६३ × १० ÷ ५०, साडेबारा मिमीच्या आसपास. ४० सेंमी मागे न्यायला साडेएकतीस. बघ, पुढे येताना आकडा झपाट्याने चढतो आणि मागे जाताना सावकाश, म्हणून पुढे काढलेलं फार जपून काढायचं. एका चित्रात पुढे ५-६ मिमीच्या वर मी जात नाही, डोळे थकतात.

वारलीवेडी :
चष्म्याशिवाय करून बघायचंय का कोणाला? मी वारलीची माणसं एका रांगेत काढली, अगदी सारखी, दर ३० मिमीवर एक. खालची रांग ३५ मिमीवर, त्याखालची ४० वर. मग कागदाच्या पार पलीकडे बघतोय अशी नजर सैल सोडायची, शेजारशेजारची दोन माणसं एकमेकांवर सरकून बसतात आणि तिन्ही रांगा वेगवेगळ्या अंतरावर उभ्या राहतात, ३० वाली सगळ्यात जवळ, ४० वाली सगळ्यात लांब. रांगेतल्या एकाचा हात वर आणि शेजारच्याचा खाली असेल तर तो हात लुकलुकतो, म्हणून छापे करून घ्या, मी भेंडीच्या देठाऐवजी खोडरबराचे केले. बाथरूमच्या टाइल्सकडे किंवा खिडकीच्या जाळीकडे एकटक बघताना भिंत आत गेल्यासारखी होते ना, तेच हे.

नदीकाठ :
पैठणीच्या बुट्ट्यांवर करून बघितलं. झालं!!! आता साडी नेसलेल्या बाईकडे असं बघत बसायचं नाही एवढंच.

सावलीतला :
मी वाचतोय आणि मला यातलं काहीच कधी दिसलेलं नाही. लहानपणी डोळा तिरळा होता, ऑपरेशनने सरळ झाला पण तोवर उशीर झाला होता, मेंदू एकाच डोळ्याचं घेतो असं डॉक्टर म्हणाले. शाळेतून थ्रीडी सिनेमाला नेलं होतं, सगळी पोरं आइस्क्रीम पकडायला हात पुढे करत होती, मीही केला, सगळे करत होते म्हणून. चित्र मात्र मी काढतो, लांब-जवळ सावल्यांवरून आणि कोण कोणाला झाकतंय यावरून समजतं. हे चित्र मला चष्मा न घालता कसं दिसेल? दुहेरी रेघांचंच ना?

बोरूबहाद्दर :
सावलीतला, माझा मघाचा प्रतिसाद खरं तर तुमच्यासारख्यांसाठी होता, मला तो नीट मांडता आला नाही. पिंपळपान, एक सुचवू का? दुहेरी रेघांखाली आधी राखाडी शिसपेन्सिलीने छाया भरून घे. दिव्याचा उजेड कुठून पडतो, खांबाची सावली ओसरीवर कशी येते ते. म्हणजे एका डोळ्यानेही वाडा उभा राहील.

पिंपळपान :
सर, हे मी नक्की करणार. काळ्या कागदावर छाया म्हणजे उलट उजेड भरावा लागेल, राखाडी पेस्टलने करून बघते.

काळाचष्मा :
करा, पण तो उजेडही दोन्ही डोळ्यांसाठी सरकवावा लागेल हं. न सरकवलेला भाग कागदाच्या पातळीवर चिकटून राहतो आणि वृंदावन एकीकडे, त्याच्यावरचा उजेड दुसरीकडे असं होतं. मऊ कडांचा ठेवला तर तेवढं खटकत नाही.

पिंपळपान :
अजून एक अडचण. खांब आणि वृंदावन वेगवेगळ्या अंतरावर दिसतात पण प्रत्येक वस्तू पुठ्ठ्यातून कापून उभी केल्यासारखी सपाट दिसते. दिवाळी अंकात पूर्वी खिडकीचित्रं असायची ना, पानाला कापलेली खिडकी आणि आत दुसरं पान, तसं.

काळाचष्मा :
कारण तुम्ही अख्खं वृंदावन एकाच मापाने सरकवलंत. जवळची कड ४ मिमी, बाजूच्या कडा ३, मागची २, असं करा म्हणजे त्याला पोट येईल. १९५३ मध्ये अमेरिकेत थ्रीडी कॉमिक्स निघाली तेव्हा जो क्युबर्ट आणि नॉर्मन मॉरर यांनी पारदर्शक शीटवर थर काढून ते थर सरकवले होते, म्हणून ती चित्रंही थरांचीच दिसतात. तुम्ही एकेक रेघ हाताने काढताय, तुम्हाला ती मर्यादा नाही.

आणि पेन्सिलीचं विचारायचं राहिलं, भुतं दिसतात का? म्हणजे जी रेघ ज्या डोळ्याला दिसायला नको ती पुसट दिसते का?

पिंपळपान :
पांढऱ्यावर दिसायची. गडद निळी पेन्सिल होती तेव्हा फार. आकाशी घेतल्यावर गेली. लाल जरा नारिंगीकडे झुकणारी चालते, किरमिजी नाही. पेन्सिली विकत घेताना चष्मा घालून दुकानात उभी होते, दुकानदार काका आधी बघत राहिले आणि मग त्यांनीच सगळे डबे उघडून दिले, एकेक रेघ ओढून बघितली आम्ही दोघांनी.

देवगडहापूस :
त्या काकांना या धाग्याची लिंक पाठव.

पिंपळपान :
(अकरा दिवसांनी) मंडळी, झालं एकदाचं. काळा कागद, पेस्टलचा मऊ उजेड, त्यावर रेघा, या वेळी डावीची तांबडी धरून. वृंदावनाची पुढची कड ४ मिमी, खांब कागदाच्या बरोबर पातळीवर म्हणजे शून्य, झोपाळा ५ मागे, माजघराचं दार १६ मागे. दिंडी दरवाजा चौकट म्हणून चारी बाजूंनी काढला आणि तोच सगळ्यात पुढे ठेवला, कारण आधीच्या चित्रात पुढे आलेली फांदी कागदाच्या कडेला कापली जायची आणि डोळ्याला खुपायची. एके ठिकाणी हात हलला, अर्ध्या मिलिमीटरने, तर ओसरीच्या फरशीला तिथे उंचवटा आलाय. खोडायला गेले आणि थांबले, त्या ओसरीची फरशी खरंच तिथे उचललेली होती, आम्ही सगळी मुलं तिथे ठेचकाळायचो.

सावलीतला, चष्मा न घालता काढलेला फोटो तुमच्यासाठी वेगळा टाकलाय.

सावलीतला :
बघितला. दिव्याचा उजेड खांबाच्या एकाच बाजूला आहे आणि दार काळं आहे, त्यावरून चौक केवढा असेल ते समजलं. दुहेरी रेघा थरथरल्यासारख्या दिसतात, मला त्या आवडल्या.

ठाणेमंडळ :
चष्मा लावून मोबाईलवर बघितलं, झोपाळ्याच्या कड्या सुद्धा वेगळ्या दिसतायत. अप्रतिम.

गणितमास्तर :
दार १६ वर म्हणजे साधारण साडेतेरा सेंमी मागे. छान बसलंय. आईंनी बघितलं का?

पिंपळपान :
काल दिलं हातात. चष्मा उलटा घातला होता तिने, तो सरळ करून दिला. मग बराच वेळ काही बोलली नाही, कागद जवळ-लांब करत होती. आणि मग म्हणाली, "अगं, माजघर एवढं लांब कुठे होतं, झोपाळ्यावर बसलं की पाय उंबऱ्याला लागायचे."

आज दार ७ वर आणतेय.